दख्खनमधील मत्स्यविनोद : मानसोल्लासापासून येलदरीपर्यंत

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, येलदरी येथे पूर्णा नदीवर बांधलेले मातीचे धरण १९६८ साली पुरे झाले. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीस मिळणाऱ्या या नदीचे पाणी तेथे अडले, साडेबावीस मेगावॉट क्षमतेचे वीजगृह उभे राहिले आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर एक विस्तीर्ण तलाव निर्माण झाला. या तलावावर मासे धरणारे भोई आहेत, ते खरेदी करणारे व्यापारी आहेत, पाणी मोजणारे पाटबंधारे खात्याचे नोकर आहेत. परंतु हाती काठी घेऊन केवळ करमणुकीखातर पाण्याकडे पाहत बसणारा मनुष्य या चित्रात सहसा येत नाही. मासेमारी हा मराठवाड्यात धंदा आहे, विनोद नव्हे.

येथे ‘विनोद’ हा शब्द त्याच्या जुन्या अर्थाने, म्हणजे मन रमविण्याचे साधन या अर्थाने घ्यावयाचा आहे. त्या अर्थाने मासेमारीचा जो इतिहास हिंदुस्थानाविषयी लिहिला जातो, तो बहुधा गोऱ्या अधिकाऱ्यांपासून सुरू होतो. त्यातील नायक म्हणजे ट्राउट मासा, रंगभूमी म्हणजे काश्मीरचे व निलगिरीचे थंड पाणी, आणि साधन म्हणजे पिसे व लोकर यांची बनविलेली कृत्रिम माशी. दख्खनच्या पठारास या कथेत स्थान नाही, कारण येथे ट्राउट नाही. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. ज्या भूप्रदेशात आज येलदरीचा तलाव आहे, तो ज्यांच्या साम्राज्यात मोडत होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी एका राजाने बाराव्या शतकातच गळाच्या मासेमारीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे.

हा राजा म्हणजे तिसरा सोमेश्वर. त्याची कारकीर्द इ. स. ११२७ ते ११३८ अशी मानली जाते. त्याचा मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि हा ग्रंथ पाच विंशतींचा, प्रत्येक विंशतीत वीस अध्याय, असा एकूण शंभर अध्यायांचा आहे. ग्रंथातील ज्योतिषविषयक निर्देशावरून त्याचा काळ शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास ठरतो. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादिलेला त्याचा पहिला खंड १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली प्रसिद्ध झाला. मराठीच्या अभ्यासकांस हा ग्रंथ परिचित आहे तो मुख्यतः त्यातील संगीतविषयक भागात आढळणाऱ्या मराठी वळणाच्या पद्यांमुळे. मत्स्यविनोदाकडे त्या मानाने लक्ष गेले नाही. त्याकडे प्रथम तपशिलाने पाहिले ते प्राणिशास्त्रज्ञांनी. सुंदरलाल होरा यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९५१ साली या प्रकरणाची चिकित्सा केली. भाषेच्या अभ्यासकांनी गीतांचा भाग घ्यावा व प्राणिशास्त्रज्ञांनी माशांचा, अशी ही वाटणी सोयीची असली तरी ग्रंथाला ती मानवणारी नाही.

चौथ्या विंशतीत राजाच्या विनोदांचे वर्णन आहे. तेथे कुस्ती, कोंबड्यांच्या व रेड्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार अशा क्रमाने मत्स्यविनोद येतो आणि त्याच्या पाठोपाठ मृगया येते. म्हणजे ग्रंथकाराच्या दृष्टीने गळ टाकणे हे शिकारीच्या कुळातील कर्म होय, पाकशास्त्राच्या नव्हे. मासे शिजविण्याचा विषय त्याने अन्नभोगाच्या प्रकरणात वेगळा घेतला आहे. मत्स्यविनोदात सुमारे पस्तीस जातींच्या माशांचा निर्देश आहे. त्यांची विभागणी समुद्रातील व नदीतील, अंगावर शल्क म्हणजे खवले असलेले व नुसत्या चामड्याचे, तसेच आकाराने लहानमोठे अशा निकषांवर केलेली आहे. कोणत्या माशास कोणता घास आवडतो, हे सांगण्यात राजाने विशेष रस घेतला आहे. तीळ, हरभरा, भात यांसारख्या पदार्थांचे गोळे आणि मांसभक्षक माशांसाठी मांस, असा हा आहारविचार आहे. पाण्याच्या ठरावीक जागी चारा घालून माशांस तेथे येण्याची सवय लावावी, मग काठी, दोरी व गळ यांच्या साहाय्याने त्यांस धरावे, असा एकंदर विधी होय.

या विधीत कृत्रिम माशी नाही. ती का नाही, याचा विचार करणे बोधप्रद आहे. युरोपात कृत्रिम माशीचा प्रसिद्ध प्राचीन उल्लेख क्लॉडियस ईलियन या लेखकाचा आहे. तो इ. स. २०० च्या सुमाराचा. मॅसिडोनियातील अस्ट्रेयस नदीवरील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे बांधतात व ठिपकेदार मासे पकडतात, असे तो सांगतो. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळविषयक निबंधात अशा बारा माश्यांची कृती दिलेली आहे. आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. त्यात माशीने मासे धरण्याचा सविस्तर भाग चार्ल्स कॉटनने १६७६ साली जोडला. (मराठीत मासा आणि माशी हे शब्द इतके जवळचे आहेत की या कलेचे भाषांतर करू पाहणाऱ्याची तारांबळच उडावी.) या सर्व परंपरेमागे एक नैसर्गिक वस्तुस्थिती आहे. ट्राउट हा थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातील मासा असून पाण्याच्या पृष्ठभागावर उतरणारे कीटक तो वर येऊन टिपतो. त्याची नजर तीक्ष्ण असते. त्याला फसवावयाचे ते डोळ्यांवाटे. उलट दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात आटून त्यांचे संथ डोह होतात. त्या डोहांतील रोहितवर्गीय माशांपैकी पुष्कळांचे तोंड खालच्या बाजूस वळलेले असते व ते तळाशी चरतात. त्यांना आकर्षित करावयाचे तर वासाने व चवीने. सोमेश्वराच्या पिठाच्या गोळ्यांमागे व युरोपियनांच्या पिसांमागे एकच बुद्धी आहे. फरक माशाच्या तोंडाचा आहे. तेव्हा कृत्रिम माशीच्या अभावावरून दख्खनमधील विद्या मागासलेली होती असा निष्कर्ष काढणे म्हणजे नांगरावरून होडीची परीक्षा करण्यासारखे होईल.

मानसोल्लासातील माशांच्या नावांकडे आता वळावे. त्यांपैकी रोहित, पाठीन अशी काही नावे संस्कृत कोशांत रुळलेली आहेत. परंतु इतर पुष्कळ नावांचे वळण संस्कृत नाही. ती कोणत्या तरी देशी बोलीतून उचलून श्लोकात बसविलेली दिसतात. राजाने ती कोठून घेतली असतील? काठावर बसणाऱ्या राजास मासा दिसतो तो बाहेर आल्यावर. तो कोठे राहतो, काय खातो, कोणत्या ऋतूत कोठे जातो हे ज्ञान पाण्यात उतरणाऱ्याचे. प्रकरणातील निरीक्षणांची सूक्ष्मता पाहता त्यांच्या मागे नदीकाठच्या मासेमारांची माहिती उभी आहे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. त्या माणसांचा उल्लेख मात्र ग्रंथात नावानिशी येत नाही.

हीच गोष्ट सातशे वर्षांनी पुन्हा घडली, आणि या वेळी तिचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. १८२४ पासून मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री सायक्स याने पठारावरील नद्यांतील मासे जमविले आणि त्यांची वर्णने लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत १८४१ साली प्रसिद्ध केली. नव्या जातींना नावे देताना त्याने वारंवार स्थानिक नावेच लॅटिनच्या पंक्तीस बसविली. खुद्री, कोळस, पोटेल, फुलंगी, बोगट, सांडखोल ही नावे किंचित बदललेल्या रूपात आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात वापरली जातात. त्यांतील ‘नुक्टा’ हे नाव तर फार उद्बोधक आहे. या माशाच्या मुस्कटावर खोल खाच असते; मराठीतील ‘नकटा’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडणे अवघड नाही. पुढे प्राणिशास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीस ग्रीक शब्द योजला, त्याचाही अर्थ ‘दुभंगलेल्या मुस्कटाचा’ असाच होतो. म्हणजे या माशाच्या द्विपद नावात एकच गोष्ट दोनदा, एकदा ग्रीकमध्ये व एकदा नदीकाठच्या मराठीत, सांगितलेली आहे. ग्रीक शब्द कोणी योजला याची नोंद आहे. मराठी शब्द ज्यांनी योजला त्या भोयांची नोंद नाही.

सायक्सने वर्णिलेला खुद्री म्हणजेच दख्खनचा महासीर. मराठीत त्यास खडशी अथवा खडची असेही म्हणतात. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेच्या पाण्यात सायक्सला तो मिळाला. ट्राउटच्या कथेत दख्खनचा प्रवेश होतो तो या माशाच्या द्वारे. इंग्रज शिकाऱ्यास येथे मायदेशीच्या नदीची आठवण होई, पण ट्राउट आणण्यास पाणी अनुकूल नव्हते. साधारणपणे पाण्याचे तापमान वीस अंशांच्या वर गेले की ट्राउट अस्वस्थ होतो आणि पंचविशीच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. निलगिरीत फ्रान्सिस डे याने १८६३ साली ट्राउट आणण्याचा यत्न केला, तो फसला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे इंद्रधनुषी ट्राउट स्थिरावला. काश्मीरमध्ये १८९९ साली आणलेली अंडी वाटेतच नासली आणि १९०० साली आलेली जगली. पुढे त्यांची संतती गंगाबल, विशनसर, कृष्णसर अशा दुर्गम पर्वतसरोवरांपर्यंत पोहोचविण्यात आली. निलगिरीतील ट्राउटची पाणी सुमारे दोन हजार मीटर व त्याहून अधिक उंचीवर आहेत. महाराष्ट्रात कळसूबाईचे शिखरच १,६४६ मीटरांवर संपते. मे महिन्यात परभणीची हवा ४२ अंशांच्या वर तापते, हे ध्यानात घेतल्यास येलदरीसारख्या ठिकाणी ट्राउटचा प्रश्न उद्भवतच नाही.

म्हणून महासीर. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधील हेन्री सलिव्हन टॉमस याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे प्रसिद्ध केले आणि महासीर हा झुंजीच्या बाबतीत सामन माशापेक्षाही सरस आहे असा पक्ष मांडला. या पुस्तकाच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. ओढ्यांतून आढळणाऱ्या झोऱ्यासारख्या लहान, चपळ माशांच्या कुळालाही गोऱ्या हौशी लोकांनी ‘हिंदी ट्राउट’ म्हणून पाहिले, कारण ते कृत्रिम माशीवर झडप घालतात. नावाचा हा मोह क्षम्य आहे. क्षम्य नाही ती त्याच्याबरोबर आलेली एक समजूत. फ्रान्सिस डे याने १८७३ च्या सरकारी अहवालात गोड्या पाण्यातील मासे कमी होत असल्याचे नोंदविले आणि त्याचा मोठा दोष बारीक आसांची जाळी वापरणाऱ्या देशी मासेमारांवर ठेवला. टॉमसचाही कल तोच होता. या चर्चेतून पुढे १८९७ चा मत्स्यसंरक्षणाचा कायदा झाला. सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास त्याने बंदी केली, ते योग्यच झाले. तथापि काठीवाला तो रक्षक आणि जाळेवाला तो भक्षक अशी जी विभागणी या साहित्यात रूढ झाली, तिचा पगडा आजही पुरता उतरलेला नाही. ज्यांच्या तोंडून माशांची नावे घेतली त्यांनाच माशांचे वैरी ठरविण्यात आले.

वस्तुतः मासा न मारण्याची परंपरा महाराष्ट्रात होती, व ती काठीवाल्यांची नव्हती. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी धरीत नाही. वाडा तालुक्यात वैतरणा नदीवर तिळसे येथील शिवमंदिराजवळच्या माशांनाही असेच अभय आहे. भाविक त्यांना खाऊ घालतात. हाकेच्या अंतरावर मासे गोळा होतात. सोमेश्वराने सांगितलेली चारा घालून सवय लावण्याची रीत हीच; फक्त शेवटी गळ नाही. एकाच क्रियेचा एक टोकाचा उपयोग राजविनोदात व दुसऱ्या टोकाचा देवस्थानात झालेला दिसतो, आणि या दोहोंमध्ये धंद्याने मासे धरणारा मनुष्य उभा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाने नवे वळण घेतले. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधुरी व अलिकुन्ही यांना संप्रेरकाच्या टोचणीने रोहितवर्गीय माशांचे प्रजनन घडवून आणण्यात यश आले. तोपर्यंत मत्स्यबीज नदीतून गोळा करावे लागे. ते आता हवे तेथे, हवे तेवढे निपजविता येऊ लागले. महाराष्ट्रात मोठी धरणे बांधली जात होती तो हाच काळ. नव्या तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडणे ही यानंतर सरकारी मत्स्यव्यवसायाची मुख्य पद्धत झाली. येलदरीचा तलाव जन्मला तो या पद्धतीच्या मांडीवरच.

महासीराचे प्रजननही साध्य झाले. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुद्री माशाची अंडी व त्यांची वाढ यांविषयीचे संशोधन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७० साली प्रसिद्ध केले. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाकाठी या माशाचे बीज निपजविण्याचे केंद्र उभे राहिले. नाहीशा होऊ लागलेल्या जातीस जीवदान देण्याचा हा प्रयत्न स्तुत्य होता व त्यात यशही आले. परंतु १९७० च्या दशकापासून हे बीज कावेरीतही सोडण्यात आले. तेथे उंच खांद्याचा, आकाराने प्रचंड असा दुसरा महासीर मूळचा होता. गळाच्या शिकारीत त्याचीच ख्याती जगभर पसरली होती. निळसर परांचा दख्खनी महासीर तेथे वाढला आणि कावेरीचा मूळ मासा मागे हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली, तेव्हा तो अत्यंत संकटग्रस्त ठरला होता. मोठ्या प्रमाणात मासे धरणाऱ्या भोयाने कावेरीचे जे केले नसते ते सद्हेतूने सोडलेल्या बीजाने केले. काश्मिरात ट्राउट आणणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता. परक्या पाण्यात आवडीचा मासा नेऊन सोडणे, हा गळाच्या विनोदाचा एक अंगभूत दोष दिसतो. तो गोऱ्या हातांपुरता मर्यादित नाही, आणि दख्खनला या कथेत स्थान नाही हे म्हणणेही त्यामुळे खोटे ठरते.

येलदरीच्या तलावाचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. धरणापूर्वी पूर्णा ही पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी व उन्हाळ्यात डोहांत विसावणारी नदी होती. त्या डोहांचे ज्ञान हीच नदीकाठच्या भोयाची मिळकत. कोणत्या कपारीत वाम दडते, मरळ पिल्ले घेऊन कोठे फिरते, पहिल्या पुराबरोबर कोणता मासा वर चढतो, हे त्याला ठाऊक असावे लागे. पालखी वाहणे आणि मासे धरणे ही दोन्ही कामे या समाजाकडे असत; दोन्हींत इतरांच्या सुखासाठी वाट तुडविण्याचाच भाग मोठा. धरणाने डोह बुडविले. आता खोल, स्थिर पाण्यात लांब जाळी लावणे, तराफ्यावरून ती पाहणे, ही नवी विद्या शिकावी लागली. तलावातील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्याकडून ठेक्याने, बहुधा सहकारी संस्थांना, दिला जातो; बीज बाहेरून येते, तोलून सोडले जाते, आणि निघालेले उत्पन्नही तोलूनच मोजले जाते. या व्यवस्थेने पोटापाण्याची सोय झाली, हे नाकारता येणार नाही. मात्र वजनकाट्यास तीन-चार नावे पुरतात. नदीला पुष्कळ लागत.

सायक्सची पाहणी पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या इंग्रजी मुलुखातील जिल्ह्यांपुरती होती. परभणी तेव्हा व त्यानंतरही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे पूर्णेच्या काठी माशांना कोणती नावे होती, हे सायक्सच्या यादीत आले नाही. येलदरीपासून थोड्या अंतरावर, जिंतूर तालुक्यातच चारठाणा येथे मध्ययुगीन मंदिरे व बारव आहे. त्यांचे दगड मोजले गेले, शिल्पे वर्णिली गेली. त्याच गावांच्या खालून वाहणाऱ्या पाण्यातील शब्दांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने क्वचितच पाहिले. मानसोल्लासातील जी नावे आज कोणत्या माशाची हे उलगडत नाहीत, त्यांच्या उकलीसाठी संस्कृत कोशांपेक्षा गोदावरी व तिच्या उपनद्यांच्या काठचे बोलीतील शब्द अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे, कारण राजाने ती नावे अशाच काठांवरून घेतलेली दिसतात. धरण पुरे होण्यापूर्वी ज्यांनी वयात येऊन पूर्णेच्या डोहांत जाळे टाकले होते, ते भोई आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.